जळून गेलेला रुग्ण आणि सावरण्याचे रूपक

१

ग्रॅहम ग्रीन यांच्या ‘अ बर्न्ट-आउट केस’ या कादंबरीचा उल्लेख साहित्यसमीक्षेबाहेरही होत आला आहे. कामाच्या दीर्घ ताणातून माणूस आतून रिता होत जातो, त्या अवस्थेला इंग्रजीत ‘बर्नआउट’ म्हणतात. या संज्ञेचा पूर्वेतिहास सांगू पाहणारे मानसशास्त्राचे अभ्यासक ग्रीन यांच्या नायकाचे, क्वेरीचे, उदाहरण प्रास्ताविकात देतात आणि पुढे निघून जातात. कीर्तीच्या शिखरावर असलेला वास्तुविशारद एके दिवशी सर्व सोडून काँगोतील कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत जाऊन राहतो, एवढा कथेचा सांगाडा त्या उदाहरणाला पुरतो. उदाहरण म्हणून ते गैर नाही. मात्र त्यात कादंबरीच्या शीर्षकाचा अर्थ जवळजवळ उलटा होतो, आणि ही उलथापालथ केवळ शब्दार्थाची राहत नाही. कामाने मोडलेला माणूस ‘बरा होतो’ म्हणजे त्याचे नेमके काय होते, या प्रश्नाचे जे उत्तर आपण आज गृहीत धरून चालतो, ते या उलट्या अर्थावर उभे आहे असे मला वाटते. प्रस्तुत लेखात मुख्यतः तेवढ्याच मुद्द्याचा विचार करायचा आहे.

प्रथम शीर्षकाविषयी. १९५९ च्या आरंभी ग्रीन त्या वेळच्या बेल्जियन काँगोतील योंडा येथील कुष्ठवसाहतीत काही आठवडे राहिले. तेथील डॉक्टर मिशेल लशा यांना पुढे ही कादंबरी अर्पण केलेली आहे. मुक्कामातील रोजनिशी ‘इन सर्च ऑफ अ कॅरॅक्टर’ या पुस्तकात १९६१ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘बर्न्ट-आउट केस’ हा शब्दप्रयोग कादंबरीत येतो तो कुष्ठसेवेतील रोजच्या कामकाजाचा शब्द म्हणून. ज्या रुग्णाच्या शरीरातील रोग करायचे तेवढे नुकसान करून, हातापायांची बोटे झडल्यानंतर थांबलेला आहे, तो ‘बर्न्ट-आउट’ रुग्ण. त्याच्यापासून कोणाला लागण होण्याचे भय नाही. त्याला औषधाची गरज नाही. वैद्यकाच्या वहीत तो बरा झालेला आहे. म्हणजे येथे जळून जातो तो रोग. माणूस उरतो, बोटांवाचून उरतो.

आता मानसशास्त्रातील संज्ञा पाहा. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात स्वयंसेवी काम करणाऱ्यांच्या अनुभवावरून ती शास्त्रीय चर्चेत आणली. दिवसभर स्वतःचा व्यवसाय आणि रात्री हा दवाखाना, अशा दिनक्रमातून ही अवस्था त्यांनी स्वतःही भोगलेली होती. तेथून पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी तिच्या मोजमापाची प्रश्नावली १९८१ मध्ये प्रसिद्ध केली. भावनिक थकवा, समोरच्या माणसाकडे वस्तूप्रमाणे पाहणारी अलिप्तता, आणि आपल्या हातून काहीच घडत नाही ही जाणीव, अशी त्रयी तिच्यात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि २०२२ पासून अमलात आलेल्या रोगवर्गीकरणात या अवस्थेची नोंद आहे, परंतु रोग म्हणून नव्हे. कामाच्या ठिकाणी उद्भवणारी घटना म्हणून. या संपूर्ण विचारव्यूहात जळणारी वस्तू म्हणजे माणूस स्वतः. तो दिवा आहे, यंत्र आहे, भट्टी आहे. इंधन संपले की तो विझतो. मग बरे होणे म्हणजे काय, हे रूपकच सांगून टाकते: तेल घालावे, वात पुढे सारावी, पुन्हा पेटवावे. दिवा कोणी लावला, तो कोणाच्या ओसरीवर जळत होता, हे प्रश्न या रूपकाच्या पोटात मावत नाहीत.

ग्रीन यांच्या रूपकात तेल घालण्याची सोयच नाही. झडलेले बोट परत येत नाही. तेथे प्रश्न उरतो तो असा की नुकसान कायमचे झाले आहे आणि रोग संपला आहे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असताना माणसाने जगायचे कसे. मराठीत या दोन कल्पनांसाठी दोन वेगळी क्रियापदे आहेत आणि आपण ती फार ढिलाईने वापरतो. ‘पूर्ववत होणे’ यात आधीची अवस्था परत मिळते. ‘सावरणे’ यात ती मिळतेच असे नाही. पडता पडता माणूस सावरतो तेव्हा त्याचा तोल पुन्हा साधतो, पण पाय मुरगळलेला असू शकतो. क्वेरीची कथा सावरण्याची आहे. आजवर ती पूर्ववत होण्याची, किंवा पूर्ववत न होता आल्याची, म्हणून वाचली गेली.

येथे जाता जाता मराठीतील आणखी एका रूपकाची आठवण करून द्यायला हवी, कारण ते आपल्याकडील गौरवग्रंथांत आणि मृत्युलेखांत पावलोपावली भेटते. ‘चंदनासारखे झिजणे’ हे ते रूपक. त्यात जळणे नाही, झिजणे आहे. पण त्याची नीती दिव्याच्या रूपकाहून कठोर आहे. दिव्यात निदान तेल घालता येते. सहाणेवर उगाळलेल्या चंदनाला भरून येण्याची मुभा नाही, कारण त्याचे झिजणे हाच त्याचा सुगंध मानला आहे. शिक्षक, परिचारिका, कार्यकर्ते यांच्याविषयी आपण हे रूपक वापरतो तेव्हा आपण त्यांचा सन्मान करतो, आणि त्याच वाक्यात त्यांचा विसाव्याचा हक्क काढून घेतो.

२

क्वेरी वसाहतीत येतो तो थकून नव्हे. ही गोष्ट कादंबरी पुनःपुन्हा दाखवते आणि तरी वाचक ती विसरतात. तो चालू शकतो, बोलू शकतो, प्रवास करू शकतो. त्याला काही जाणवत मात्र नाही. कादंबरीच्या पहिल्याच वाक्यात, नदीवरील बोटीतला हा प्रवासी देकार्तच्या प्रसिद्ध सूत्राची मोडतोड करतो आणि आपल्याला होणारी गैरसोय हाच आपण जिवंत असल्याचा पुरावा असल्याची नोंद रोजनिशीत करतो. विडंबन म्हणून हे वाक्य वाचून पुढे जाता येते. परंतु कुष्ठरोगाच्या शरीरशास्त्राशी ते जोडून पाहिले की पुढची सगळी रचना उलगडते.

कुष्ठरोगात बोटे कुजून गळतात, असा समज फार काळ होता. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून काम करणाऱ्या पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की बोटांचा नाश मुख्यतः त्यांतील मज्जातंतू मेल्यामुळे होतो. हाताला चटका बसला तरी कळत नाही, तळव्यात खिळा रुतला तरी माणूस चालत राहतो. जखम होते, चिघळते, पुन्हा होते. हात निकामी करते ती वेदना नव्हे, वेदनेची अनुपस्थिती. ब्रँड यांनी पुढे, १९९३ मध्ये, फिलिप यान्सी यांच्यासमवेत लिहिलेल्या ग्रंथात वेदना ही कोणालाच नको असलेली देणगी आहे अशी मांडणी केली. ग्रीन यांच्या रूपकाचे मर्म हेच आहे. क्वेरीचे नुकसान त्याने फार काम केल्यामुळे झालेले नाही. कामात आपल्याला आणि इतरांना काय होते आहे हे जाणवेनासे झाल्यावरही तो काम करत राहिला, म्हणून ते झाले. त्याने देवळे बांधली. त्यांत प्रार्थना करणाऱ्या माणसांविषयी त्याला कुतूहल नव्हते. स्त्रियांवर प्रेम केल्याची भाषा तो बोलला. त्यांतील एकीने जीव दिला तेव्हाही आत काही हलले नाही. मास्लाक यांच्या त्रयीतील दुसरे अंग, माणसाला वस्तू समजण्याचे, ग्रीन यांनी वीस वर्षे आधी मध्यवर्ती केले होते. थकवा त्यांनी परिघावर ठेवला. (मराठीत ‘वीट येणे’ असा वाक्प्रचार आहे. वास्तुविशारदाला विटेचा वीट यावा, हा श्लेष ग्रीन यांच्या हाती नव्हता, अन्यथा त्यांनी तो सोडला नसता.)

हे मान्य केले तर सावरण्याची सुरुवात कोठे शोधायची हेही ठरते. ती विश्रांतीत सापडणार नाही. दुखू लागण्यात सापडेल. कादंबरीत तो क्षण देओ ग्रातियासच्या शोधाचा आहे. देओ ग्रातियास हा हातापायांची बोटे झडलेला, बरा झालेला रुग्ण; डॉ. कॉलिन यांनी तो क्वेरीला चाकर म्हणून दिलेला. एका रात्री तो जंगलाकडे निघून जातो आणि परतत नाही. क्वेरी त्याच्यामागे जातो, त्याला पडलेल्या, हालू न शकणाऱ्या अवस्थेत गाठतो आणि उजाडेपर्यंत त्याच्याजवळ थांबतो. या प्रसंगात वीरत्व नाही. क्वेरीला आपण का निघालो हेही नीट सांगता येत नाही. महत्त्वाचे आहे ते दुसऱ्या दिवशीचे. अंधारात देओ ग्रातियास ‘पेंडेले’ नावाच्या एका जागेविषयी बोलला होता. बालपणी आईबरोबर तो जेथे सुखात होता अशी ती जागा. पेंडेले म्हणजे काय, कोठे आहे, हे क्वेरीला जाणून घ्यावेसे वाटते. दुसऱ्या माणसाच्या आयुष्यातील एखादी गोष्ट आपल्याला कळावी असे त्याला फार वर्षांनी वाटले आहे. कुतूहल ही येथे संवेदनेची पहिली झिणझिणी आहे. बधिर पायात रक्त परत वाहू लागते तेव्हा मुंग्या येतात, त्या सुखद नसतात. तशीच ही आहे.

मग काम येते. क्वेरी वसाहतीच्या नव्या रुग्णालयाचे आराखडे काढू लागतो. पूर्वीच्या कामाशी याचे नाते सावधपणे तपासायला हवे. पूर्वी त्याला अवकाश, प्रकाश, रेषा यांची चिंता असे; लोक आत बटबटीत मूर्ती आणून ठेवतात याचा त्याला राग येई. आता छप्पर गळू नये, खाटा मावाव्यात, वारा खेळावा एवढीच अपेक्षा आहे. प्रतिभा लागत नाही. म्हणजे हे ‘पूर्वीचे काम पुन्हा सुरू होणे’ नव्हे. बोटे नसलेला हात नव्या रीतीने भांडे धरायला शिकतो तसे हे आहे. आजच्या पुनर्वसनाच्या भाषेत ज्याला कामावर परतणे म्हणतात, त्याहून ते मूलतः भिन्न आहे, आणि ग्रीन यांनी त्याला फारसे महत्त्व दिल्याचे दाखवलेही नाही. आराखडे होतात, सामान येते, भिंती वर येऊ लागतात. प्रकरण पुढे सरकते.

हसण्याचे सूत्र याच्या जोडीने पाहावे. आरंभी क्वेरीला इतरांचे हसणे परक्या भाषेसारखे वाटते आणि त्याचा त्रास होतो. हळूहळू तो हसतो. डॉ. कॉलिन, जे स्वतः निरीश्वरवादी आहेत, याकडे चिकित्सकाच्या नजरेने पाहतात: लक्षण म्हणून. शेवटी रिकर पिस्तूल घेऊन समोर उभा असताना क्वेरी हसतो, स्वतःच्या अवस्थेला हसतो, आणि रिकरला वाटते की तो आपल्याला हसला. गोळी त्या हसण्यावर झाडली जाते. बरे होण्याचे लक्षणच मृत्यूचे निमित्त ठरते, आणि ते का ठरते याचा विचार केल्याशिवाय ही कादंबरी वाचली असे म्हणता येत नाही.

३

आघात आणि त्यातून सावरणे यांविषयीच्या विचाराला १९९० च्या दशकात वेग आला. ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये सावरण्याचे तीन टप्पे मांडले: सुरक्षितता, आठवणे आणि शोक करणे, पुन्हा माणसांशी जोडले जाणे. कॅथी करूथ यांचा १९९६ चा ग्रंथ साहित्याच्या अभ्यासात फार वाचला गेला. आघात घडताना तो अनुभवला जात नाही, नंतर तो कथनात उशिरा, तुटक रूपात परत येतो, ही त्यांची भूमिका. दोघींच्या मांडणीत ऐकणाऱ्याचे स्थान मोठे आहे. सांगितल्याने आणि कोणी ऐकल्याने जखम बांधली जाते, हा विश्वास त्यांच्या पाठीशी आहे. तो निराधार नाही. हर्मन यांच्यापुढे अत्याचार सोसलेल्या स्त्रिया होत्या, त्यांचे बोलणे दाबले गेले होते, आणि त्यांना ऐकणारे मिळणे हा न्यायाचा भाग होता.

ग्रीन यांची कादंबरी मात्र ऐकणाऱ्याविषयी शंका उपस्थित करते, आणि तिचे सैद्धांतिक मोल मला तेथे दिसते. क्वेरी आपली कथा एकदाच सलगपणे सांगतो: रिकरच्या तरुण पत्नीला, मारीला, लुक येथील हॉटेलात, एका राजासाठी अद्भुत दागिने घडवणाऱ्या आणि पुढे राजावरचा विश्वास गमावलेल्या जवाहिऱ्याची परीकथा म्हणून. सांगण्याचे तंत्र निर्दोष आहे. आघाताला थेट भिडता येत नाही तेव्हा रूपकाच्या आडून भिडावे, असे कोणीही सुचवील. परंतु ऐकणारी स्वतः एका घुसमटलेल्या विवाहात अडकलेली आहे. तिला या कथेतून क्वेरीचे दुःख मिळत नाही, स्वतःच्या सुटकेची वाट मिळते. ती आपल्या पोटातील मूल क्वेरीचे असल्याचे सांगते. खोटे सांगण्याचे तिचे कारण करुण आहे, आणि ग्रीन तिला खलनायिका करत नाहीत. पण ज्या कथनाने क्वेरी मोकळा व्हायचा त्यानेच तो मारला जातो.

मारी एकटी नाही. वसाहतीच्या भोवती असलेला प्रत्येक जण क्वेरीच्या सावरण्याला आपापल्या कामी लावतो. रिकर हा पामतेलाच्या कारखान्याचा व्यवस्थापक, एके काळी धर्मगुरू होण्याची तयारी केलेला. त्याला क्वेरीत संत हवा आहे. फादर थॉमस यांना क्वेरीचा कोरडेपणा ही साधकाच्या मार्गातील काळरात्र वाटते. त्याला काही वाटत नाही, हीच ईश्वरी कृपेची खूण ठरते, आणि क्वेरी जितके नाकारतो तितकी ती खूण पक्की होते. पत्रकार पार्किन्सनला मजकूर हवा आहे, आणि जंगलातील त्या रात्रीचाच तो मजकूर करतो. जी कृती हेतूवाचून, अंधारात, कोणी पाहत नसताना घडली होती, तीच वृत्तपत्रांतून जगभर जाते. क्वेरी ज्या कीर्तीच्या ओझ्याने मोडला तीच कीर्ती आता त्याच्या बरे होण्यावर बसते. त्याला पुन्हा कामाला जुंपले जाते. या वेळी काम असते आदर्श असण्याचे.

माझ्या मते कादंबरीचे खरे म्हणणे येथे आहे. सावरणाऱ्याला सर्वांत मोठा धोका जुन्या रोगाचा नसतो. त्याच्या सावरण्याचा अर्थ लावू पाहणाऱ्यांचा असतो. आणि अर्थ लावू पाहणाऱ्यांत समीक्षक येतातच. इव्हलिन वॉ यांनी कादंबरी वाचून ती ग्रीन यांच्या श्रद्धात्यागाची खूण मानली, तिचे परीक्षण लिहिण्याचे नाकारले आणि १९६१ च्या आरंभी दोघांत त्याविषयी पत्रव्यवहार झाला. वॉ यांचा व्यथित सूर प्रामाणिक होता. पण पात्राच्या कोरडेपणातून लेखकाच्या आत्म्याचे निदान करण्याची ही पद्धत फादर थॉमस यांचीच, फक्त निष्कर्ष उलटा. पुढच्या समीक्षेत श्रद्धा की श्रद्धाहीनता हा वाद या कादंबरीभोवती इतका साचला की शीर्षकातील वैद्यकीय अर्थ केवळ सजावट ठरला. ग्रीन यांनी ‘वेज ऑफ एस्केप’ (१९८०) या आत्मपर ग्रंथात ही कादंबरी लिहिताना आपल्याला किती जड गेले ते नोंदवले आहे. लेखन हेही काम आहे आणि त्यातही माणूस बधिर होऊ शकतो, हा साधा अर्थ या वादात हरवला.

सावरण्याला कामी लावण्याचा आणखी एक प्रकार आहे, आणि तो अधिक सभ्य दिसतो. पहिल्या महायुद्धात एडिंबरोजवळील क्रेगलॉकहार्ट येथील लष्करी रुग्णालयात डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी युद्धाने मोडलेल्या अधिकाऱ्यांवर उपचार केले. सिगफ्रिड ससून हे कवी १९१७ मध्ये त्यांच्याकडे होते. रिव्हर्स यांची पद्धत सहृदय होती. ते भयंकर आठवणी दडपायला सांगत नसत, त्यांना सामोरे जायला मदत करत. मात्र बरा झालेला अधिकारी आघाडीवर परत पाठवला जाई. पॅट बार्कर यांच्या ‘रीजनरेशन’ (१९९१) या कादंबरीत रिव्हर्स यांना हा पेच उत्तरोत्तर असह्य होत जातो, आणि उपचार करणाऱ्या माणसालाच सक्तीच्या रजेवर जावे लागते. उपचाराची व्याख्याच जेथे ‘पुन्हा उपयोगी होणे’ अशी असते तेथे चिकित्सकाची सहृदयता काय करणार? मास्लाक आणि मायकेल लायटर यांनी १९९७ च्या ग्रंथात दोष माणसात न शोधता माणूस आणि काम यांच्या विसंगतीत शोधायला हवा असे आग्रहाने म्हटले, हे येथे नोंदवले पाहिजे. कचेऱ्यांनी त्यातून उचलले ते बहुधा ध्यानवर्ग आणि रजेचे अर्ज.

४

आतापर्यंत आपण क्वेरीविषयीच बोलत आलो, आणि कादंबरीही तेच करते. चिनुआ अचेबे यांनी १९७५ मधील आपल्या व्याख्यानात कॉनरॅडच्या काँगोकथेवर जो आक्षेप घेतला, की एका युरोपीय मनाच्या पडझडीसाठी संपूर्ण आफ्रिका नेपथ्य म्हणून वापरली जाते, तो ग्रीन यांनाही बऱ्याच अंशी लागू होतो. फरक एवढाच की येथे नेपथ्य पडझडीचे नसून शुश्रूषेचे आहे. काँगो ३० जून १९६० रोजी स्वतंत्र झाला. कादंबरीतला काळ त्याच्या उंबरठ्यावरचा. परंतु तेथील लोकांवर कामाने झालेल्या आघाताचा इतिहास याहून कितीतरी जुना आहे. १८८५ ते १९०८ या काळात लिओपोल्डच्या खासगी राज्यात रबर गोळा करण्याची सक्ती होती, आणि त्या राजवटीत माणसांचे हात तोडले गेले. रॉजर केसमेंट यांचा त्याविषयीचा अहवाल १९०४ मध्ये प्रसिद्ध झाला. योंडा ज्या विषुववृत्तीय प्रदेशात आहे तो या रबराच्या प्रदेशांपैकीच एक. बोटे नसलेल्या हातांची कादंबरी तेथे घडते, आणि तोडलेल्या हातांची स्मृती तिच्या आशयाचा भाग होत नाही. रूपक निवडताना ग्रीन यांनी रोगाकडे पाहिले. इतिहासात तेच रूपक अक्षरशः घडून गेले होते.

म्हणून देओ ग्रातियासच्या बाजूने हीच कथा वाचून पाहावी. तोही बरा झालेला आहे, क्वेरीच्या आधीच. त्याच्या बरे होण्याची बातमी होत नाही. त्याला परत जाण्यासाठी गाव उरलेले नाही. पेंडेलेकडे तो निघतो आणि अंधारात पडतो. त्याचे काम म्हणजे दुसऱ्याच्या बरे होण्याच्या काळात त्याची खोली झाडणे. ‘बर्नआउट’ या संज्ञेतील वर्गीय मर्यादा यापेक्षा स्पष्ट दिसणे कठीण. ज्याला काम सोडता येते, त्यालाच कामाने जळून जाण्याची बातमी देता येते. आपल्याकडे जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकात १९८२ च्या संपानंतरचे गिरणी कामगाराचे घर आहे. तेथे माणसे कामाने नव्हे, काम काढून घेतल्याने मोडली आहेत, आणि त्यांच्या अवस्थेला कोणत्याही प्रश्नावलीत नाव नाही. हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. तरी देओ ग्रातियासचे नातेवाईक मराठीत शोधायचे झाल्यास ते तेथे सापडतील, कारकुनी कंटाळ्याच्या नवकथेत नाही.

आणि वऱ्होऱ्याजवळच्या आनंदवनात तर ते शब्दशः होते. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि १९५१ मध्ये आनंदवन उभे राहिले. योंडाची रोजनिशी लिहिली जात होती तेव्हा या वसाहतीला काही वर्षे होऊन गेली होती. रोग थांबलेला, घर दुरावलेला, बोटे गमावलेला माणूस येथे जमीन कसू लागला, विणू लागला, बांधू लागला. भारतातील विवाहविषयक कायद्यांतून कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण वगळले गेले ते २०१९ मध्ये, हे लक्षात घेतले म्हणजे ‘बरा झालेला’ या शब्दाला समाजात किती काळ किंमत नव्हती ते कळते. योंडाच्या कादंबरीत देओ ग्रातियास क्वेरीसाठी काम करतो. आनंदवनात देओ ग्रातियासांनी स्वतःसाठी आणि एकमेकांसाठी काम केले. हा भेद मोठा आहे. पण आनंदवनाविषयीचे आपले लेखन पाहिले तर ते बहुतांशी संस्थापकाच्या त्यागाभोवती फिरते. तेथे पुन्हा चंदनाचे रूपक येते, आणि ज्यांनी बोटांवाचून विहिरी खोदल्या त्यांच्या सावरण्याचे कथन मागे पडते. ‘ज्वाला आणि फुले’ असे नाव आपल्या कवितेच्या पुस्तकाला देणाऱ्या आमटे यांना अग्नीचे रूपक परके नव्हते. त्या नावात ज्वालेनंतर राख न येता फूल येते, एवढे तरी त्यांच्या चरित्रकारांनी पाहायला हरकत नव्हती.

ग्रीन यांच्या कादंबरीचा शेवट क्वेरीच्या मृत्यूवर होत नाही. त्याच्या दफनानंतर डॉक्टर आणि वसाहतीचे प्रमुख धर्मगुरू त्याच्याविषयी बोलतात: तो बरा झाला होता का, कशाने झाला होता, त्याला श्रद्धा परत मिळत होती का. संभाषण अनिर्णित राहते. मग डॉ. कॉलिन यांच्यापुढे एक लहान मूल येते. अंगावरचे चट्टे नुकते दिसू लागलेले. ते एक-दोन वर्षांत बरे होईल आणि त्याचे अवयव झडणार नाहीत, असे डॉक्टर सांगतात. या मुलाच्या बाबतीत रोग जळून जाण्याची वाट पाहावी लागणार नाही. गोळ्या आधीच आल्या आहेत. रोगट चट्टा भोवतीच्या त्वचेहून किंचित उष्ण असतो, तो डोळ्याला दिसण्यापूर्वी ओळखता यावा म्हणून त्वचेचे तापमान एकाच वेळी अनेक जागी मोजणारे यंत्र डॉ. कॉलिन यांनी मागवलेले होते. लुकहून ते यंत्र खराब रस्त्याने ट्रकमधून वसाहतीत आणण्याचे काम, अजून कशातच रस नसलेल्या दिवसांत, क्वेरीने केले होते.